पाचव्या हुकावरचा दिवा

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून भट्टीच्या बोर्डाचं काम मी रविवारीच काढलं. जेवण करून निघाले, दोनला पोचले. चांगलं लख्ख ऊन होतं.

आमची भट्टी म्हणजे रंग वाळवायचा लोखंडी बोगदा. दोन बस एकामागे एक उभ्या राहतील एवढा लांब. दर सोमवारी सकाळी पाच जण आत शिरून जळक्या रंगाचे पोपडे खरवडतात. शिरताना प्रत्येकाने आपला लोखंडी बिल्ला बाहेरच्या बोर्डावर आपल्या हुकाला अडकवायचा. असे सहा हूक, प्रत्येकामागे एक सेन्सर. चार मिलिमीटरच्या आत लोखंड आलं की सेन्सरला कळतं, हुकावरचा दिवा लागतो आणि पॅनेलमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढला जातो. एक जरी रिले ओढलेला असला तरी हीटर लागत नाही. सगळे बिल्ले निघाल्यावर बटण दाबलं की टायमर एक मिनिट हूटर वाजवतो, मग हीटर. माणूस आत असला की भट्टी बंद. यात न कळण्यासारखं काही नाही.

पॅनेल उघडलं तर पाचव्या रिलेला बगल देऊन कुणीतरी वायरचा तुकडा जोडून ठेवलेला. वर हुकावरचा दिवाही काढून टाकलेला. म्हणजे पाचव्या हुकावर बिल्ला असो नाहीतर नसो, भट्टीला काही पडलेली नव्हती. आणि पाचवा हूक माझ्या दादाचा. टोळीत लागल्यापासून सहा महिने दर सोमवारी तो त्या वायरच्या भरवशावर आत शिरत होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

मदतीला आलेले काका स्टुलावर बसून दात कोरत होते. काका म्हणजे आमचे हेड इलेक्ट्रिशियन. नात्यातले नाहीत, सगळ्यांचेच काका.

"मीच. तो सेन्सर खोटं बोलतो."

"मग सेन्सर बदलायचा. वायर काय घालता?"

"बदला की इंजिनियरबाई. आम्ही आपले अंगठेबहाद्दर."

मोठ्यांचं हे असं असतं. चूक दाखवली की आपलं शिक्षण काढतात. मी वायर उपटून खिशात टाकली, नवा दिवा बसवला आणि सप्लाय दिला. पाचवा दिवा लागला. हुकावर काहीच नव्हतं.

मी सेन्सर बदलला. दिवा लागलेलाच. हुकाभोवती लोखंडाचा कीस असेल म्हणून कपड्याने पुसून काढलं. लागलेलाच. चौथ्याचा रिले काढून पाचव्यात घातला, पाचव्याचा चौथ्यात. चौथा दिवा नाही लागला, पाचवा लागला. शेवटी सेन्सर हुकामागून सोडवून हातात धरला. वीतभर बाजूला नेला की दिवा विझायचा, हुकापाशी आणला की लागायचा. मी हुकावर कागदाची पट्टी फिरवली, बोट फिरवलं. हवा होती, बाकी काही नाही. सेन्सरला मात्र तिथे लोखंड लागत होतं. मी तो परत हुकामागे बसवला.

"झालं समाधान?" काका म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मी वळून पाहिलं. "गप्प्याचा हूक आहे तो."

"कोण गप्प्या?"

"होता एक. माझ्याबरोबरच लागलेला. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप." त्यांनी हातातली काडी फेकून दिली. "तेव्हा पोरं बिल्ला काढायला विसरायची. भट्टी अडून राहायची, साहेब मला फाडून खायचे. मग मी टायमर घातला. वीस मिनिटं झाली की बिल्ला असला तरी रिले सुटेल. तेव्हा एकेकटा आत जाऊन नुसतं झाडून यायचा, वीस मिनिटांत कोणीही बाहेर येतंच ना."

"आणि तो नाही आला."

"घेरी आली असेल. आणि हाक मारणारा माणूसच नव्हता तो... एकविसाव्या मिनिटाला हीटर लागले."

राग आला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

"वायर परत घाल पोरी. नाहीतर उद्या भट्टी लागायची नाही."

"उद्या तिथे दादाचा बिल्ला असणार आहे. मी वायर घालणार नाही."

ते उठले. बोगद्याच्या तोंडाशी जाऊन चौकटीला हात लावून उभे राहिले. बसस्टॉपवर कोणाला बोलवावं तशा आवाजात म्हणाले, "गप्प्या, ये रे बाहेर. चुकलं माझं."

पॅनेलमध्ये टक् झालं. रिले सुटला होता. पाचवा दिवा विझला.

कुठलंतरी कनेक्शन ढिलं असणार, असं मी ठरवलं. सगळे स्क्रू पुन्हा आवळले आणि घरी गेले.

सोमवारी सातला दादाची टोळी आत गेली. पाच बिल्ले, पाच दिवे. नऊला सगळे बाहेर आले, काळेठिक्कर. एकेक बिल्ला निघाला, एकेक दिवा विझला. दादाचाही विझला. मी श्वास सोडला, आणि सहावा लागला.

सहावा हूक कोणाचाच नाही. रिकामा होता.

साहेब घड्याळ बघत आले. "दहाला माल लावायचाय. काका असते तर एव्हाना वायर टाकून मोकळे झाले असते. काका आहेत कुठे?"

कोणालाच माहीत नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण माझा हात खिशात गेला. कालचा तुकडा तिथेच होता. दोन सेकंदांचं काम. मी हात बाहेर काढला.

"दादा, आत एकदा बघून ये."

"अगं, पाच गेलो, पाच आलो. बोटं मोजून दाखवू?"

"जा ना रे."

तो बिल्ला लावून, पुटपुटत गेला. बराच वेळ आला नाही. मग आतून दोघांच्या पावलांचा आवाज आला. दादाने काकांना दंडाला धरून आणलं होतं. पार शेवटी, मागच्या तोंडाच्या कोनाड्यात बसले होते म्हणे. टोळी बाहेर पडत असताना मागच्या तोंडाने शिरलेले, बिल्ला न लावता. आयुष्यभर दुसऱ्यांना बिल्ले लावायला सांगितलं, स्वतः कधी लावला नाही.

काकांचं पाऊल बाहेर पडलं आणि सहावा दिवा विझला. दादाने बिल्ला काढला. बोर्ड अंधारला.

"कशाला गेला होतात?" मी ओरडलेच.

"खरंच निघाला का ते बघायला." ते खाली बसले. "आतच होता. मला म्हणाला, तू जा बाहेर. तुझ्या नावाचा बिल्ला मी लावलाय."

साहेबांनी बटण दाबलं. हूटर पुरतं एक मिनिट वाजला. त्या मिनिटभर काका बोगद्याच्या तोंडाकडे बघत होते. मग ते हळूच बाजूला सरकले, दारातून कोणी येताना आपण वाट देतो तसे. हीटर लागले. दिवसभर माल व्यवस्थित निघाला.

संध्याकाळी मी गेटपाशी उभी होते. काका रोज मला स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडतात. त्या दिवशी त्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"आज चालत जा पोरी," ते म्हणाले. "मागे जागा नाही."

मागची सीट रिकामी होती. ते निघाले. गेटच्या गतिरोधकावरून जाताना स्कूटरचं मागचं चाक दबलं, दोन माणसं बसल्यावर दबतं तसं.