नातं : इतर

"तुमच्या बाबांचं उत्पन्न वर्षभर जुनं आहे," खिडकीतला तो म्हणाला.

"बाबाही जुनेच आहेत. चालतील ना?"

तो हसला... आणि दाखला परत सरकवला. "नवीन आणा."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांची नजर अधू झाली होती. शिष्यवृत्ती मिळाली, तरच मला पुढे शिकता येणार होतं. म्हणून त्या शिष्यवृत्ती कार्यालयात मी तीन खेपा घातल्या.

दुसऱ्या खेपेला पाऊस होता. रांगेत उभी असताना मी भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडून पाहत होते.

"भिंत पडेल हं!"

"नाही पडत. यात तीन जाती आहेत."

तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. चष्म्यावर थेंब साचले. "मला सगळं हिरवंच दिसतंय."

"आधी चष्मा पुसा."

तिसऱ्या खेपेला चष्मा लख्ख होता. "मी मोजल्या. चार जाती आहेत!"

"चौथी म्हणजे भिंतीचा उडालेला रंग आहे, साहेब."

नंतर पत्र आलं : 'आपल्या अर्जाच्या एका परीक्षकाने माघार घेतली आहे. अर्ज दुसऱ्या परीक्षकाकडे दिल्यामुळे निकाल आता आठ दिवसांनी लागेल.' प्रवेशाची मुदत दहा दिवसांत संपत होती. मी तडक खिडकी गाठली.

"कुणी घेतली माघार?"

"मी," तो म्हणाला. "अर्ज नावं झाकून येतात, दोघं जण वाचतात. पण अर्जासोबतच्या निबंधात शेवाळ होतं... लगेच कळलं."

"मग? वाईट होता निबंध?"

"पैकीच्या पैकी गुण देणार होतो. पण ते निबंधाला देतोय की — तुम्हाला, हेच कळेना. आणि ओळखीच्यांचा अर्ज वाचायचा नाही, असा नियम आहे."

"तीनदा खिडकीत भेटलो, ती कसली ओळख?"

मागच्या टेबलावरून त्याच्या वरिष्ठ मॅडमनी मान वर केली. "त्याने माघारीच्या फॉर्मवर लिहिलंय की! अर्जदाराशी नातं : इतर. खुलासा : 'अजून काही नाही. व्हावं असं वाटतं.' मला सही करावी लागली त्यावर!"

"मॅडम, ते गोपनीय असतं..."

"तुझ्या तोंडावर छापलंय सगळं. गोपनीय कसलं!"

तो कानापर्यंत लाल झाला. मला खरं तर रागावायचं होतं. सवयीने मनगटावर बोटं ठेवली — ठोके एकशे चार. आणि मी जिनाही चढले नव्हते.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर मी तुमचा गुन्हेगार," तो हळूच म्हणाला. "पण मिळाली, तर ती फक्त तुमची असेल. माझी मेहेरबानी नसेल."

ते आठ दिवस बाबांच्या दुकानातलं एकही घड्याळ पुढे सरकेना.

नवव्या सकाळी मंजुरीचं पत्र हातात पडलं. पूर्ण शिष्यवृत्ती! स्वीकृतीच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता : 'कार्यालयातील कोणाशी आपला संबंध आहे का?'

मी खिडकीपाशी जाऊन त्याचंच पेन मागून घेतलं. 'हो' लिहिलं. मग, माहिती अचूक हवी म्हणून, पुढे जोडलं : 'निकालानंतर. आज सकाळी सव्वाअकरापासून.'

त्याने वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पण... आत्ता तर अकरा वाजून बाराच मिनिटं झालीत."

"मग तीन मिनिटं आहेत तुझ्याकडे," मी म्हणाले. "विचार की."