एका ढोलीत दोन बिया

"आज नाही गेलो तर माकडं चारोळीच्या झाडावर एक चार ठेवणार नाहीत!" चैनलाल रिकामी टोपली डोक्यावर घालून अंगणात नाचत होता. "कुंताताई, चाल ना वं! का नखरे करून राहिली?"

"आईला विचारल्याशिवाय नाही!" कुंता म्हणाली.

"आईला विचारलं का आई 'नाही' म्हणते. म्हणून विचाराचंच नाही!" हे रुख्माचं ज्ञान. बिसराम तेल्याची ही मुलगी शाळेत गेली नव्हती, पण तिच्या जिभेला शाळेची गरजही नव्हती.

कुंता तेरा वर्षांची, चैनलाल अकराचा. दोघं गोंदियाला मामाकडे राहून शिकत. एप्रिलमध्ये मोठ्या भावाच्या, लखनलालच्या लग्नाला ती गावी आली, तिसऱ्या दिवशी परीक्षेसाठी परत गेली आणि आता मे संपत आला तेव्हा सुट्टीला घरी पोचली होती. तिरोड्यापासून चार कोसांवरचं हे गाव. साल १९४४. कुठे लांब लढाई चालली होती, आणि तिच्यापायी इथे घासलेटचा थेंब मिळत नव्हता.

तिघं ओसरीवर गेली आणि जागच्या जागी थबकली.

आई खाटेवर बसली होती. जागेश्वर सोनार तिच्या पायाशी बसून कानशीनं तिच्या चांदीच्या तोरड्या कापत होता! पाय केवढे फुगले होते. तोरडी मांसात रुतली होती. आईनं पदराचा बोळा दातांखाली धरला होता आणि एवढ्याशा वेदनेनंही तिला धाप लागत होती.

"वीस वर्षं झाली देवकाबाई, या घरच्या तोरड्या मी घडवल्या," जागेश्वर पुटपुटला. "कापाची पाळी कधी आली नव्हती. नी या हप्त्यात ही दुसरी जोडी! परवा मोठ्या बाईची कापली."

"येईल नाही तर काय!" अंगणातून मोठेबाबांचा आवाज गरजला. उदेलाल म्हणजे मुलांच्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई त्यांची बायको. वडील गेल्यापासून घर त्यांच्या शब्दावर चाले. "लगन झालं नी घरात दुखणं घुसलं! सारं घर सुजलं, नी ती एकटी तेवढी धडधाकट! पांढऱ्या पायाची पोरगी आणली आपण. तिच्या बापाले सांगावा धाडला मी. गुरुवारी येऊन घेऊन जा म्हणा, कायमची!"

"हो, जाऊ द्या तिले," आई धापा टाकत म्हणाली. "आपल्या घरचं ती नीट खातही नाही. मनात काय आहे कोणाले ठाऊक!"

स्वयंपाकघराच्या दारात चंद्रावती वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सतरा वर्षांची पोर. लखनदादा रेल्वेच्या नोकरीवर गेला तो लग्नानंतर चौथ्याच दिवशी, तिच्या बाजूनं बोलणारं घरात कोणी नव्हतं. तिनं सगळं ऐकलं. तांब्या आईजवळ ठेवला आणि मुकाट आत गेली. सासरहून अशी परत धाडलेल्या मुलीकडे पुढे गाव कसं बघतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

चारांचा विषय तिथेच संपला. चैनलालनं टोपली गुपचूप खुंटीला टांगली.

"आई, पाय बघू," कुंता म्हणाली. तिनं आईच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. ओल्या मातीत बोट रुतावं तसा खड्डा पडला. बराच वेळ भरलाच नाही.

गोठ्यामागच्या पळसाखाली तिघं जमली.

"पाणी साठलं आहे पायात," कुंता म्हणाली. "गुरुजींनी शिकवलं होतं. हृदय रक्त ढकलतं. ते दुबळं झालं की रक्त नीट फिरत नाही, आणि पाणी खाली पायांत उतरतं. म्हणून तर आईला धाप लागते!"

"म्हणजे वहिनीनं आईचं हृदय दुबळं केलं?" चैनलालनं डोळे मोठे केले. "नजर लावून?"

"तुझ्या अकलेला लागली आहे नजर! एका घरात सगळ्यांची हृदयं एकाच महिन्यात कशी बिघडतील? काहीतरी पोटात जातंय. कोण सुजलं आणि कोण नाही, ते सांगा आधी."

"आई. मोठीआई. नी मोठेबाबा!" रुख्मा म्हणाली.

"मोठेबाबा? ते कुठं..."

"लपवून राहिले," रुख्मानं हसू दाबलं. "जोडा पायात जात नाही त्याईच्या. काल अनवाणीच आले आमच्याकडं, नी म्हणत होते, अनवाणी चालणं तब्येतीले चांगलं!"

"लखनदादाला काही नाही. तो चार दिवसच इथं होता. वहिनीला काही नाही. का बरं?" कुंता उठलीच. "वहिनीलाच विचारू!"

वहिनी चुलीपाशी एकटीच जेवत होती. ताटात भात, मीठ आणि जवसाची चटणी.

"वहिनी, भाजी काऊन नाही घेतली?" रुख्मानं विचारलं.

चंद्रावतीनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मोहरीचं तेल मले सोसत नाही गा. वासानंच मळमळते. आमच्याकडं सारं जवसाच्या तेलात. सांगायची सोय नव्हती, म्हणून गपचूप असंच खातो. आता म्हणतात, करणी केली म्हणून खात नाही." एवढं बोलून तिनं ताट सरकवलं. ती रडू लागली.

"तेल!" कुंता कुजबुजली. पाच दिवस तीही तेच तेल खात होती.

तिघं धावत सुटली ती थेट बिसरामच्या घाणीवर. बैल गोल गोल फिरत होता, घाणा करकरत होता.

"तुमच्या लग्नाचं तेल?" बिसरामनं कपाळाला आठ्या घातल्या. "ते मीच काढलं. उदेलालजीच्या गड्यानं पोती आणून टाकली, मी गाळून डबे भरून दिले. चांगल्या मोहरीचं पिवळंधम्मक निघते, हे कसं लालसर होतं. नी एक सांगू? तेल काढून उरलेली त्याची ढेप माह्या बैलापुढं ठेवली, तर त्यानं तोंड फिरवलं! ढेपेले नाही म्हणणारा बैल मी जन्मात पाहिला नाही."

"मग तुमी बोलले काऊन नाही?" रुख्मानं बापालाच फैलावर घेतलं.

"मोठ्या घरची मोहरी वाईट म्हणू? माह्या घाणीवर उद्या कोण येईल?"

त्याचा बैल तेवढा शहाणा निघाला म्हणायचा!

घाणीच्या फटीत अडकलेल्या बिया रुख्मानं काडीनं उकरल्या. कुंतानं घरी धावत जाऊन दप्तरातलं भिंग आणलं. गुरुजींनी पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून दिलेलं हे भिंग ती उशाशी घेऊन झोपे, त्यावरून चैनलाल तिला छळायचा. आज तोच डोकं पुढे घालून बघत होता.

"ही मोहरी. गुळगुळीत, तांबूस," कुंता एकेक बी सरकवत होती. "पण ही बघ! काळीकुट्ट, आणि अंगावर जाळी, बारीक खड्डे खड्डे! ही मोहरी नव्हे!"

"मग कोणती?" चैनलालनं विचारलं.

ते कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिघं बांधाबांधानं हिंडली. एरंडाचं बी पाहिलं, तुळशीचं पाहिलं, टाकळ्याचं पाहिलं. काहीच जुळेना. तेवढ्यात ओढ्याकाठी चैनलाल किंचाळला, "मेलो! मेलो!"

तो काटेरी झुडपात बसकण मारून पडला होता. निळसर काटेरी पानं, सहा पाकळ्यांची पिवळी फुलं, आणि मोडलेल्या देठातून हळदीसारखा पिवळा चीक. पिवळा धोत्रा! वाळलेलं एक बोंड फुटून त्यातल्या काळ्या बिया चैनलालच्या सदऱ्यावर सांडल्या होत्या.

"हलू नको!" कुंता ओरडली.

"काटे टोचून राहिले नं वं!"

"टोचू दे!" तिनं त्याच्या सदऱ्यावरच भिंग धरलं. काळ्या बिया. जाळी. खड्डे.

"सापडली!" ती म्हणाली. "गुरुजींनी सांगितलं होतं, आणि मी नुसतं परीक्षेपुरतं पाठ केलं! बंगालात अशीच माणसं सुजली, काही मेलीसुद्धा. मोहरीच्या तेलात धोत्र्याचं तेल मिसळलं होतं. तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, घातलं की ते तेल लाल रंग दाखवतं..."

मेलीसुद्धा! हा शब्द ऐकून चैनलाल काटे विसरला. "आई?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, कुंता त्या दोघांना घेऊन मोठेबाबांपुढे उभी राहिली. त्यांनी ऐकून घेतलं कुठलं! "दोन बुकं शिकली नी मले शिकवायले आली! माह्या शेतातली मोहरी आहे ती, माह्या हातानं धान्याच्या ढोलीत भरली. चालते व्हा!"

आईनंही तेल टाकायला नकार दिला. थोरल्या दिरानं भरलेलं तेल तिनं कसं टाकावं? त्या दिवशी वहिनीनं मात्र कुंताचं ऐकलं. कोणाला न विचारता सगळ्यांना नुसती पेज वाढली, आणि त्याबद्दल मोठीआईची बोलणीही खाल्ली.

"मोठेबाबा आपलं ऐकणार नाहीत," रुख्मा म्हणाली. "पण गडी म्हणते, दिव्यासाठी धोत्र्याचं बी त्याईनंच जमवलं होतं; त्याईची तारीफ केली तर ते सारं सांगतात. गावात कोणालेही विचार!"

"रुख्मे, तू शाळेत असतीस तर गुरुजींचं काही खरं नव्हतं!" कुंता म्हणाली. आणि तिघं जागेश्वर सोनाराकडे गेली. सोन्याचा कस बघायला त्याच्याकडे तेजाब असे. त्यानं आधी साफ नाही म्हटलं. "तेजाब पोराईच्या हाती? हात जळतील!" पण मग त्याला कापलेल्या तोरड्या आठवल्या असाव्यात. "मीच येतो," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी वहिनीचे वडील, केवलराम, बैलगाडी घेऊन आले. खाली मान घालून ओसरीच्या कडेला बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. वहिनी गाठोडं घेऊन खांबाला टेकून उभी होती. शेजारपाजारचे दहावीस जण तमाशा बघायला जमले होते.

"उदेलाल पाटील!" जागेश्वर मोठ्यानं म्हणाला. "आधी माहं एक काम करा. घासलेट नाही, रात्री दिव्याविना हातोडी बोटावर पडते. साऱ्या गावात दिव्याच्या तेलाची सोय तुमीच आधी केली म्हणतात. धोत्र्याचं बी जमवलं होतं ना? द्या शेरभर. तुमच्यासारखी दूरदृष्टी आमाले कुठं!"

मोठेबाबांची छाती फुगली. "अरे, होळीलेच जमवलं! दोन पोती! लोकाईचं बी उंदरानं खाल्लं. मी काय केलं? गावात उंदीर न लागणारी ढोली माही एकच. खाली धोत्रा भरला, त्यावर पळसाची पानं अंथरली, नी वर मोहरी! एका ढोलीत दोन कामं!"

"वा! वा! मग दाखवा तरी!"

मोठेबाबा ऐटीत उठले. शेणमातीनं लिंपलेल्या त्या माणूसभर उंच बांबूच्या ढोलीत त्यांनी डोकं घातलं. ते बराच वेळ बाहेरच आलं नाही.

"काय दिसते, मोठेबाबा?" कुंतानं विचारलं.

"पानं..." आतून आवाज आला. "पानं तळाशी आहेत. फाटली. ढोली..."

"रिकामी ना? गडी सांगतो, 'ढोलीतलं सारं बी घाणीवर ने' म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. त्यानं पानांसकट खालपर्यंत उपसलं!"

जागेश्वरनं दोन काचेच्या कुप्या ओसरीवर मांडल्या. एकीत बिसरामच्या घरचं तेल, एकीत लग्नाचं. दोन्हींत त्यानं जपून तेजाब सोडलं, बूच लावून हलवलं आणि खाली ठेवलं. बिसरामच्या तेलाखालचं तेजाब फिकट राहिलं. लग्नाच्या तेलाखाली ते आधी पिवळं झालं, मग नारिंगी, मग लालभडक.

"हे खाल्लं आपण महिनाभर," कुंता म्हणाली. "वहिनी आली म्हणून घर सुजलं नाही. वहिनी आणायला जे तेल काढलं, त्यानं सुजलं. तिनं ते खाल्लं नाही, एवढाच तिचा गुन्हा!"

मोठेबाबा ढोलीला धरून उभे होते. त्यांचे सुजलेले पाय आता सगळ्यांना दिसत होते. "पोरीनो, चैनू... घर वाचवलं रे तुमी," ते म्हणाले. "नी माराले मी निघालो होतो. साऱ्याईले." त्यांनी स्वतः डबे उचलले आणि परसात खड्डा खणून ओतले.

जागेश्वरनं चैनलालची पाठ थोपटली. बिसराम आपल्या लेकीकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहत होता. पण केवलराम उठले आणि शांतपणे म्हणाले, "चाल बेटी. माही पोरगी पांढऱ्या पायाची नाही, हे तुमाले कुपीत पाहून समजलं. मले पहिलेच ठाऊक होतं. अशा घरी तिले कायले ठेवू?"

त्यांचं काय चुकलं?

आई खाटेवरून उठू लागली. तिला उठवेना. ती तशीच जमिनीवर बसली आणि सगळ्यांसमोर, श्वास घेत घेत म्हणाली, "मी चुकली. चार लोकाईत बोलली, चार लोकाईत वापस घेतो. जा का राहा, तुही मर्जी, चंद्रावती. पण माफ करून जा."

वहिनीनं गाठोडं खाली ठेवलं, पण त्याची गाठ सोडली नाही.

"बाबा, आज तुमी एकटेच जा," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आईले तिरोड्याच्या दवाखान्यात न्यावं लागंल, चुलीपाशी दुसरं कोणी उभं राहू शकत नाही. आई बरी झाली का मी येतो माहेरी. महिनाभर राहायले. पण धाडली म्हणून नाही येणार. मामाजी, घरचे मोठे सासरे, स्वतः पोचवायले येतील, नी साऱ्या गावासमोर मले न्यायलेही स्वतः येतील. कबूल असंल तर राहतो."

सगळ्यांनी मोठेबाबांकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात कोणी त्यांना अट घातली नव्हती.

"कबूल," ते म्हणाले.

केवलरामनी कुंताच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, तू माह्या लेकीची अब्रू राखली. तुह्या गुरुजीले माहा रामराम सांग." कुंतानं इतका वेळ धीर धरला होता. आता ती हुंदके देऊन रडली, कारण डॉक्टर काय म्हणतील ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग केवलराम बैलांकडे वळले. "गाडी जुपलेलीच आहे," ते म्हणाले. "आण तुह्या सासूले, चंद्रावती. दवाखान्यात मीच सोडतो."