डबलसीट

"पयली गाडी म्हणजे काय पायजे? दोन्ही पाय भुईले टेकले पायजे," गुणवंतराव म्हणाले. "रंगबिंग मंग पाहू."

पोंभुर्ण्यात त्यांचं जुन्या मोटारसायकलींचं दुकान होतं. सकाळचे दहा वाजले होते. सोमवारी रंजीताला मुलचेऱ्याकडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. सात गावं, बस एकच. गाडी येते असं तिनं मुलाखतीत ठोकून दिलं होतं. मग आठ दिवस शेजारचे मुखरूभाऊ आपल्या गाडीवर मागं बसून तिला शिकवत होते. आज पहिल्यांदा ती एकटी चालवणार होती.

बाबांनी गाडी धाकट्या भावाला, अतुलला शिकवली, तो सातवीत असताना. तिला म्हणाले, "तुले कुठी जायचं हाय?" बाईच्या मागं बसण्यात तर त्यांना कमीपणा वाटायचा. भादव्यात त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी अंगणात होती, चावी खिळ्याला होती आणि अतुल नागपुरात होता. नर्सिंग शिकलेली रंजीता त्यांची नाडी धरून बसून राहिली. धानाच्या बांधीतून मुखरूभाऊ येईपर्यंत अर्धा तास गेला. त्यांनी बाबांना मागं बसवलं, दुपट्ट्यानं आपल्या कमरेला बांधलं. गावोगावी पेशंट असाच नेतात. बाबा वाटेतच गेले. तेरवी झाल्यावर अतुल गाडी घेऊन गेला. "तुले कुठी येते, ताई?" म्हणाला.

गुणवंतरावांनी एक हलकी, काळी गाडी काढली. रंजीता बसली. पाय टेकले. तिनं क्लच हळू सोडला, आणि गाडी मागून दबली.

"हवा कमी दिसते," ते म्हणाले. चाक दाबून पाहिलं. कडक होतं.

दुसरी गाडी आणली. तीही दबली. त्यांनी वाकून मागचे शॉकप पाहिले, मग तिच्याकडे.

"वजन किती हाय तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

"मंग डबलसीटवानी काऊन दबून राह्यली हे?" ते हसले. तिला हसू आलं नाही.

तिसरी जुनी होती, लांब सीटची. ती तिला जमली. शेडभोवती एक फेरी बंद न पडता झाली. दारासमोर तिनं गाडी थांबवली. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी टेकलं होतं. कपाळाएवढं. ऊब होती त्याला. ऊन तर समोरून येत होतं.

दारात गुणवंतरावांची बायको, रुखमाबाई, सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली.

"बांधलं नाई काऊन वो त्याईले? मान टाकून राह्यले ना."

"कोणाले?" गुणवंतरावांनी विचारलं.

रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं. उठून आली. खांद्यावरचा दुपट्टा काढून तिनं रंजीताच्या कमरेभोवती फिरवला आणि मागून आणून पोटावर गाठ मारली. दुपट्टा लांबलचक होता, तरी गाठीला जेमतेम पुरला.

"जाय," ती म्हणाली. "पाहू नको मांगं."

"जिवंतपणी नसते बसले," रंजीता म्हणाली. आपला आवाज इतका कडू असेल हे तिला ठाऊक नव्हतं.

ती रस्त्यावर आली. दुसरा गिअर. तिसरा. गाडी एकदाही अडली नाही.

कानामागं श्वास होता. तुटक.

तिनं वेग वाढवला.

वळणावर दवाखाना आला. फाटकाशी तिनं ब्रेक दाबला. ओसरीवरून एक वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत धावत आला. त्याला कुणी हाक मारली नव्हती.

"लय उशीर केला बाई," तिच्या खांद्यामागं पाहत तो म्हणाला.

"गाडी येत नव्हती मले."

त्यानं गाठ सोडली. दोन्ही हात तिच्या मागं, पेशंटच्या काखेत घालतात तसे घातले.

"एकट्यानं नाई होत. पायाकून धरा."

रंजीता उतरली. डोळे मिटून तिनं हात पुढं केले.

घोटे अजून कोमट होते.