बैल घेऊन येते

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायला डोकं लागतं आणि माझं डोकं आयुष्यभर घोड्यांमागं चाललंय.

माझं नाव बोग्नार गाश्पार. मी आमच्या गावच्या सहकारी शेतीत गाडी हाकतो. गाव नादाश्फोक, शारवीझ कालव्याच्या काठावर. जे घडलं ते १२ मार्च १९६८ ला घडलं. मंगळवार होता.

भुतं रात्री येतात असं सगळे सांगतात.

ही सकाळी आठला आली.

माझी बायको एतेल्का. मी तिच्या घरी घरजावई आलो, ४९ साली. तेव्हापासून दर मार्चमध्ये ती मला आठ-दहा दिवस तिच्या बहिणीकडे, फेहेरवार शहरात घेऊन जायची. रोझीला मदत, रोझीची तब्येत, रोझीच्या पोराचं बारसं... काहीतरी कारण असायचंच. मीही जायचो. रोझीच्या नवऱ्याची पालिंका, घरी गाळलेली फळांची दारू, चांगली असायची.

त्या वर्षी सहकारी शेतीच्या अध्यक्षांनी सुट्टी दिली नाही. शेणखत टाकायचं होतं.

"तू जा," मी म्हणालो. "मी राहतो."

"तुला एकट्याला सोडून?"

"का? मला कोण पळवणार आहे? अध्यक्षांची बायको?"

ती हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर ती लाटणं उचलायची.

ती गेलीच नाही. घरात राहिली आणि सकाळपासून रेडिओ मोठ्यानं लावून ठेवू लागली. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या.

"शेजारचा डेझ्यो विचारतोय, गाश्पार बहिरा झाला का म्हणून," मी म्हणालो.

"त्याला सांग, अजून नाही, पण झाला तर बरं होईल."

मंगळवारी धुकं आलं. दाट. अंगणातून गोठा दिसत नव्हता. मी पाव, कांदा आणि डुकराची चरबी खाऊन घोडे जुंपायला बाहेर गेलो.

आधी मला कळलं नाही काय चुकतंय ते.

मग कळलं.

डेझ्योची बदकं गप्प होती. चाळीस बदकं. कुत्रं गप्प होतं. घोड्यांनी कान मागे टाकले होते आणि दोघंही एकाच बाजूला बघत होते. मागच्या कुरणाकडे.

तिकडून आवाज आला...

टण्... टण्... टण्...

लोखंडावर लोखंड. कुणीतरी घाई न करता ठोकत होतं.

मग माणसाचा आवाज. आमच्याच भाषेत, पण मोडका.

"बैल...?"

मला वाटलं, परगावचा कुणी रस्ता चुकून कुरणात गाडी रुतवून बसलाय. मार्चमध्ये बर्फ वितळलं की ते कुरण माणसाला मांडीपर्यंत गिळतं. आमच्याकडे रीत आहे. चिखलातून कुणी हाक मारली तर नाही म्हणायचं नाही. वैरी असला तरी. जनावरं घेऊन जायचं. आणि जनावरं मिळाली नाहीत, तर परत जाऊन तसं तोंडानं सांगायचं. म्हणजे तो दुसरीकडे बघेल. चिखलात कुणाला वाट बघत ठेवायचं नाही. हे आमची पोरं चालायच्या आधी शिकतात.

म्हणून मी ओरडलो, "थांबा! येतो!"

ठोकणं थांबलं.

मग तोच आवाज... या वेळी जवळून.

"कधी?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून एतेल्कानं माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या हाताला पीठ होतं.

"काय बोललास? गाश्पार, काय बोललास तू त्यांना?"

"येतो म्हणालो. कोण आहे तिकडे?"

ती गाडीच्या दांडीवर बसली. मग तिनं जे सांगितलं ते एकोणीस वर्षांच्या संसारात मला कधी सांगितलं नव्हतं.

पंचेचाळीस सालचा मार्च. जर्मन हरत आले होते, हे आमच्या बदकांनाही माहीत होतं. तरी त्यांनी होते नव्हते तेवढे रणगाडे आणून आमच्या भागात शेवटची मोठी चढाई केली. बर्फ वितळत असताना. आमच्या पोरांनी सांगितलं असतं, या दिवसांत इथून रिकामी गाडी जात नाही. त्यांनी कुणाला विचारलं नाही. रस्ता सोडून कुरणातून निघाले. एक रणगाडा एतेल्काच्या घरामागं रुतला. पाच माणसं. तेल संपलेलं. रणगाडा सोडायचा नाही असा हुकूम.

गावातले बैल त्यांनी आधीच ओढून नेले होते. फक्त तिच्या बापाची जोडी उरली होती, द्राक्षाच्या दारूच्या तळघरात लपवलेली.

एतेल्का एकोणीस वर्षांची होती. तिची आई जर्मन बोलणाऱ्या गावची, म्हणून हिला ती भाषा येत होती. त्यांच्यातल्या मोठ्यानं तिचं मनगट धरलं आणि बैल आण म्हणाला.

"मी म्हणाले, सोडा, बैल घेऊन येते. सुटायला म्हणाले रे. तो सोडेचना. मग पुन्हा म्हणाले, शपथेवर म्हणाले. त्यानं सोडलं."

"मग?"

"मग तळघरात जाऊन बसले. बाबांजवळ. तीन दिवस. ते लोखंडावर ठोकायचे. आणि विचारायचे, कधी. चौथ्या दिवशी रशियन आले. रणगाड्याला तोफेचा गोळा बसला, आग लागली. झाकणं उघडली नाहीत... आम्ही ऐकत होतो."

"तू काय करणार होतीस? त्यांना बैल देणार होतीस?"

"नाही. आजही देणार नाही. त्यांच्याच लोकांनी आपल्या ज्यू दुकानदार वाइसकाकांना बायकामुलांसकट गाडीत भरून नेलं. मला त्यांची दया नाही आली. पण मी शब्द दिला आणि परत जाऊन सांगितलं नाही. नाही म्हणून सांगायला हवं होतं. नुसतं सांगायला."

धुक्यात पुन्हा...

टण्... टण्...

मी तिला म्हणालो, चल, आत्ता फेहेरवारला निघू. घोडे जुंपलेत.

"तेवीस वर्षं पळाले," ती म्हणाली. "तेव्हा माझा एकटीचा शब्द होता. आता तुझाही आहे. आता ते दारात येतील."

"मग मी जातो सांगायला."

"तुला जर्मन येतं का, ठोंब्या?"

ती आत गेली. रेडिओ बंद केला. एप्रन काढून खुंटीला लावला, डोक्याला काळा रुमाल बांधला, चर्चला जाताना बांधायची तसा. मी कुरणाआधीच्या चराच्या कडेपर्यंत तिच्या मागं गेलो. तिथं तिनं माझ्या छातीवर हात ठेवला.

"इथंच थांब. काहीही ऐकलंस तरी बोलू नकोस."

चार पावलांवर ती दिसेनाशी झाली.

मी तिचा आवाज ऐकला. शांत, सरळ. दुकानात हिशेबाचं बोलावं तसा. मला जर्मन येत नाही. पण 'नाही' कळतं. ती दोनदा 'नाही' म्हणाली.

मग काहीच नाही.

मग मी ऐकलं ते कुणाला पटत नाही. तो रणगाडा ५१ सालीच कापून भंगारात नेला. मीच चार खेपा वाहिल्या. कुरणात खिळासुद्धा उरला नव्हता...

पण मी लोखंडाचं जड झाकण उघडताना ऐकलं.

आणि थोड्या वेळानं बंद होताना.

मी ओरडलो नाही. तिनं सांगितलं होतं म्हणून. आज वाटतं, ओरडायला हवं होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. धुकं विरळ झालं तेव्हा ती समोरून चालत आली. डेझ्योची बदकं एकदम बोंबलायला लागली.

मी तिच्या पायांकडे बघितलं. कुरणात मांडीभर चिखल होता.

तिचे बूट कोरडे होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं. तुझंही सांगितलं. तुला आता कुणी बोलावणार नाही."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही." तिनं रुमालाची गाठ सोडली. "सरकून बसले. मला जागा केली."

एवढंच. पुन्हा विचारलं तर म्हणाली, सूप करायचंय, वाट सोड.

हात मात्र तिचे गार ते गारच. चुलीजवळ बसली तरी गार. आणि केसांना जळक्या तेलाचा वास. तीनदा धुतले, मी स्वतः पाणी घातलं. वास गेला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती टेबलाशी घेवडा निवडत होती. मी पाठमोरा होतो. दाणे भांड्यात पडत होते... मग पडायचे थांबले.

डॉक्टरनं मृत्यूच्या दाखल्यावर हृदय लिहिलं. बेचाळीस वर्षांची होती.

याला सहा वर्षं झाली. पाद्रीबाबा म्हणतात, ती देवाजवळ आहे. मी मान हलवतो. त्यांनी ते झाकण ऐकलेलं नाही.

दर मार्चला धुकं पडलं की मी चरापर्यंत जातो. अध्यक्षांकडून घोड्यांची जोडी मागून नेतो, साखळी नेतो. उभा राहतो. बदकं ओरडत असतात, कुत्री भुंकत असतात. कुरणात काही नाही.

यंदा मी हाक मारली. रीत सोडून, आपण होऊन. एतेल्का, बैल नाहीत, पण घोडे आहेत. येतो.

बराच वेळ थांबलो.

कधी, म्हणून कुणी विचारलं नाही.