मागून आलेला होकार

चौसाळ्यात जुन्या रस्त्याला विलासचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पुढं पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्यांचं घर. शेडमध्ये बसून हाक मारली की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट ओट्यापाशी जाते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्या खिडकीचं काम आहे.

ती गाडी आली सोमवारी दुपारी. परदेशातून आलेली, दोन माणसांची, राखी रंगाची आणि इतकी बुटकी की समोरच्या टपरीतला त्रिंबक चहाचं भांडं तसंच हातात घेऊन बघायला आला.

"मालक, ही बसायची गाडी हाय का निजायची?"

"निजायचीच म्हना की," आतून निघता निघता उत्तरेश्वर म्हणाले. पन्नाशीचा हा माणूस बीडला बांधकामाची कामं घ्यायचा. उतरताना आधी एक पाय, मग हात, मग राहिलेलं अंग, असं त्यांचं चाललं होतं. "सगळा जन्म टिपरच्या मागं गेला. म्हनलं एक तरी हौस करावी. आता गुडघे न्हाई म्हनत्यात."

"इंडिकेटर दिला की वायपर चालू व्हत आसंल हिचा."

"तुला कसं ठावं?"

"तोंडावरूनच दिसतंय तिच्या," त्रिंबक म्हणाला.

उत्तरेश्वरांनी विलासला गाडीच्या मागं नेलं. मागच्या दोन्ही फॉग लाईट बंपरच्या अगदी तळाला होत्या. एक गतिरोधकाला घासून फुटली होती, दुसरीवर चिखलाचा थर.

"ह्या हितून काढून वर घ्यायच्या. नव्या आनल्यात मी. उद्या सकाळी गाडी नारायणगडाला न्यायचीय, पूजेला. मांजरसुंब्याच्या घाटात सकाळी आपला हात आपल्याला दिसत न्हाई हो. मागच्याला दिसलं पायजे."

त्रिंबकचं हसू गेलं. त्याने विलासकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, "मालक, मागच्या लाईटीचं काम कोपऱ्यावरचा करतो. विलासभाऊ आता..."

"ठेवून जा," विलास म्हणाला. "सकाळी साताला या."

वर्षभर त्याने मागच्या दिव्याला हात लावला नव्हता. स्टार्टर, डायनामो, हॉर्न, बॅटरी, सगळं करायचा. मागचा दिवा म्हटलं की मान हलवायचा. गावाला ते माहीत होतं, आणि का म्हणून विचारायची कुणाला गरज नव्हती.

त्याची मुलगी रोहिणी बीडला एका दवाखान्यात रक्त तपासायची. गेल्या जानेवारीत, पहाटेच्या धुक्यात, स्कूटीवरून जाताना मागून टेम्पो आला आणि ती जागीच गेली. टेम्पोवाला पोलिसांना एकच सांगत राहिला, मागं लाईट नव्हती साहेब, लाईटच नव्हती. स्कूटीचा मागचा भाग असा चेपला होता की खरं-खोटं करायला काही उरलं नाही.

आदल्या संध्याकाळी विलासनेच त्या स्कूटीला मागच्या दिव्याचा नवा होल्डर बसवला होता.

मागच्या दिव्याचं काम दोन माणसांचं असतं. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबायचा आणि विचारायचं, "लागली का?" दुसऱ्याने मागं उभं राहून सांगायचं, "लागली." गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाईक, नाहीतर त्रिंबक, नाहीतर रस्त्याने जाणारा कुणीही. घरात असली की रोहिणी. ती दवाखान्यातल्या रिपोर्टासारखं सांगायची, उजवी लागली, डावी मिणमिणती हाय पप्पा.

त्या संध्याकाळी जवळ कुणी नव्हतं. विलासने ब्रेक दाबला आणि खिडकीकडे हाक टाकली, "लागली का गं?" आतून वनिता म्हणाली, "लागली." खिडकीतून स्कूटीची मागची बाजू दिसत होती. तो उतरून मागं गेला नाही. बायकोने सांगितल्यावर कोण जातो?

खिडकीपर्यंत येऊन, बघून म्हणाली, की भाकरी थापता थापता तशीच म्हणाली? हे त्याने तिला विचारलं नाही. मातीच्या दिवशी नाही, नंतरही नाही. वर्षभर तिने वाढलेलं तो जेवला. भाजी चांगली झाली असं एकदाही म्हणाला नाही. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला. निघालेल्या गाडीकडेही तो कधी बघत नसे. गिऱ्हाइकाने गाडी चालू केली की पाठ फिरवून आत जायचा. मागचा लाल दिवा लांब जाताना त्याला बघवत नसे.

दुपारभर त्याने काम केलं. बंपर उतरवला, नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना वर भोकं पाडली, नव्या लाईटी बसवल्या. वायर पुरेना, म्हणून जोड देऊन डाग दिला. तापलेल्या शिशाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास शेडमध्ये भरला. तिन्हीसांजेला ट्रकचा जुना आरसा मागच्या लिंबाला टांगून, त्यात बघून त्याने एकट्यानेच लाईटी तपासल्या. दोन्ही लागत होत्या. आरशात दोन लाल डाग, आणि मधे काही नाही.

सकाळी साडेसहाला बाहेर आला तर लिंब नव्हता. त्रिंबकची टपरी नव्हती. धुकं शेडच्या पत्र्याखालून आत आलं होतं आणि हळूहळू हलत होतं, पाण्यातल्या दुधासारखं. हमरस्त्याने ट्रक जात होते, पण नुसता आवाज, तोही खाली जमिनीतून आल्यासारखा.

उत्तरेश्वर यायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून त्याने गाडी शेडबाहेर घेतली. सीट इतकी खाली की खड्ड्यात बसल्यासारखं वाटत होतं. मागची काच दवानं आंधळी झाली होती, आरशांवरून थेंब ओघळत होते. त्याने हेडलाईट लावली, फॉगचं बटण दाबलं. पुढ्यात पिवळा बारका दिवा लागला. पण तो बटण दाबल्याचं सांगतो. मागं काय झालं हे सांगत नाही.

आणि हात बटणावर असतानाच, तीस वर्षांच्या सवयीने, तोंडातून निघून गेलं.

"लागली का?"

"उजवी लागली. डावी न्हाई."

आवाज शांत होता. अगदी मागून, डिकीपासून हातभर अंतरावरून आलेला.

विलास घाबरला नाही. घाबरायला माणसात काहीतरी जागं असावं लागतं. त्याने दार उघडलं, हाताने जमिनीला रेटा देत उठला आणि मागं गेला.

उजवी लाईट जळत होती. तिच्यापुढचं धुकं लाल झालं होतं. डावी बंद होती. तिथं कुणी नव्हतं. फक्त स्पिरिटचा वास होता, ओल्या कापसाचा, थंड. रोहिणी घरी आली की तिच्या बोटांना यायचा तसा.

त्याने पाना आणला. डाव्या लाईटीची बॉडीला जोडलेली वायर ढिली होती, ती घट्ट केली. परत जाऊन तो त्या खड्ड्यात बसला आणि दार ओढून घेतलं.

"आता?"

"लागली."

उतरून बघायला हवं होतं. पण मागं गेलं की तिथं कुणी नसणार, हे त्याला कळत होतं. बसून राहिलं तर कुणीतरी आहे. तो बसून राहिला. इंजिन हळू आवाजात चालू होतं. काचेवरचा थेंब खाली येईपर्यंत त्याने वाट पाहिली. मग विचारलं.

"पोरी... त्या दिवशी..."

मागं काही हललं नाही.

"त्या दिवशी... लागली व्हती का?"

"लागली."

तेवढंच. लगेच. बंद काचेतून दबून आलेलं. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोरून जीपचा हॉर्न वाजला. जीप उत्तरेश्वरांना सोडून तशीच पुढं गेली.

"झालं का विलासभाऊ? उशीर झाला, गुरुजी गडावर येऊन बसलेत."

"झालं."

"डाव्या-उजव्या दोनीबी लागल्या?"

"लागल्या," विलास म्हणाला.

उत्तरेश्वर एक पाय, मग हात, मग राहिलेलं अंग असं करत आत गेले. गाडी गुरगुरली. विलासने नेहमीसारखी पाठ फिरवली आणि तो घरात गेला.

वनिता ओट्यापाशी होती. तिच्या केसांना पीठ लागलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्या जवळ जाऊन उभा राहिला. तिने दचकून वर पाहिलं.

"तू खरं सांगितलं व्हतंस," तो म्हणाला.

"काय?"

"पोरीच्या स्कूटीची लाईट. लागलेली व्हती. मी... वरीसभर मनात धरलं. वाटायचं तू न बघताच म्हनलीस."

"मी कवा म्हनले?"

"आदल्या दिवशी. दिवेलागणीला. मी भाईरून इचारलं, तू हितून म्हनलीस, लागली."

वनिताने हातातली भाकरी परातीत ठेवली.

"आवो, पुनव व्हती त्या दिवशी. मी आन रोहिणी वंदनेला विहारात गेलतो. वच्छलाबाईनं खीर केलती, आमी आलो तवा तुमी झाकून ठिवलेलं जेवून निजला व्हता. घरात कुनी न्हवतंच. तुमी... तुमी बघितलं न्हवतं?"

ओट्यावर तवा तापत होता. विलासने खिडकीकडे पाहिलं. मग शेडकडे. मग खिशातून फोन काढला. वनिता त्याच्या मागोमाग अंगणात आली. गाडीचा आवाज केव्हाच विरला होता. घाटाच्या दिशेला सगळं पांढरं होतं, लाल कुठंच नव्हतं.

पाचव्या रिंगला फोन उचलला गेला.

"बोला विलासभाऊ. काय राहिलं?"

"कुठं हाव?"

"घाटाच्या अलीकडं. धुकं लई हाय हो, जागच्या जागी चाललोय."

"गाडी रस्त्याच्या खाली घ्या. आत्ता. उतरून मागं बघा."

"लाईटी का? लागल्यात हो. मलाबी शंका आली, म्हनून कडंला थांबून काच खाली करून इचारलं. मागं बाई उबी व्हती कुनीतरी. लागली म्हनली. घरच्या मानसासारखं म्हनली बगा..."

"आदी खाली घ्या गाडी," विलास म्हणाला. तो ओरडला नाही. "रस्ता सोडा. शेतात घाला. माजं ऐका."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे. पलीकडे चाकाखाली खडी करकरली, काहीतरी तळाला घासलं. उत्तरेश्वरांनी एक शिवी दिली. आणि तेवढ्यात फोनमधून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक, वाढत वाढत फोन भरून गेला आणि निघून गेला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग दार उघडल्याचा आवाज.

"विलासभाऊ..." उत्तरेश्वर आता कुजबुजत होते. "मागं एकबी दिवा लागलेला न्हाई. बारकाबी न्हाई. सगळं काळं हाय..."

"तिथंच थांबा. मी निघालो."

"लवकर या. ती... ती बाई अजून हितंच हाय. दिसत न्हाई. पर म्हनतीय."

"काय म्हनतीय?"

उत्तरेश्वरांनी बहुतेक फोन कानापासून काढून धुक्याकडे धरला. आधी वाऱ्याची घुसमट आली. मग जवळून, घाई नाही, काळजी नाही, हातातलं काम न सोडता आतून ओ द्यावी तसा आवाज आला.

"लागली."

तो आवाज वनिताचा होता. त्या संध्याकाळी खिडकीतून आलेला, तोच.

वनिता विलासच्या शेजारी उभी होती. तिच्या हाताला ओलं पीठ होतं, आणि ओठ मिटलेले होते. तिनेही ऐकलं होतं.