सात मोऱ्या तुंबलेल्या, आठवी वाहती

शेजारच्या चिंतामणने बांबूची कामटी मोरीच्या भोकात कोपरापर्यंत घातली, हिसका दिला आणि कामटी मोडली. अर्धी हातात राहिली, अर्धी आत.

"छान. आता पाण्याच्या जोडीला कामटीपण तुंबली," त्याच ओळीत राहणारी इंदिरा म्हणाली.

श्यामलाला हसू आलं नाही. मोरी तिच्याच घरची होती आणि संध्याकाळी पाच वाजता बैठकही तिच्याच अंगणात होती.

नाशिकरोडच्या त्या कॉलनीत एका ओळीत आठ घरं होती. मे महिन्याच्या सुट्टीत, चार दिवसांत, त्यांतल्या सात घरांच्या मोऱ्या तुंबल्या. आंघोळीला बसलं की पाणी घोट्यापर्यंत चढायचं. दोष कुणाचा हे श्यामलाच्या आईने, विमलाबाईंनी, कालच ठरवून टाकलं होतं. ठमाबाई आठही घरची भांडी घासायची, तीही राखेने. राख मोरीत जाऊन बसते, म्हणून पाणी तुंबतं. तेव्हा ठमाबाईला काढून दुसरी बाई ठेवायची, यावर आज सगळ्यांनी होकार द्यायचा होता.

ठमाबाई सायखेड्याची. बारा वर्षं ती इथे काम करत होती. आठही घरं एकदम सुटली तर या वयात आपल्याला कोण ठेवणार, असं ती सकाळी भांडी घासताना स्वतःशीच बोलत होती. ते श्यामलाने ऐकलं होतं.

"राख बारा वर्षं मोरीत जातेय," श्यामला म्हणाली. "मग मोरी याच आठवड्यात का तुंबली?"

"राखेलाही सुट्टी लागली असेल," चिंतामण म्हणाला.

इंदिराने त्याला कोपर मारलं आणि कामाचं विचारलं. न तुंबलेली आठवी मोरी कुणाची?

ती बाळाजीकाकांची होती. काका रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटेच. मुलांनी मोरी बघायची म्हटल्यावर त्यांनी एक शब्दही न विचारता भरलेली बादली उपडी केली. पाणी गुडगुड करत निघून गेलं. ठमाबाई त्यांची भांडीही राखेनेच घासायची. पण त्यांची भांडी ती किती? दोन ताटं आणि एक पातेलं. एवढ्यावर विमलाबाई ऐकायच्या नाहीत, हे श्यामलाला पक्कं ठाऊक होतं.

मग तिचं लक्ष अंगणाकडे गेलं. ओळीतल्या बाकी प्रत्येक अंगणात खाट होती, खाटेवर जुनं लुगडं आणि लुगड्यावर वाळत घातलेल्या कुरडया. काकांच्या अंगणात काहीच नव्हतं.

"तुमच्याकडे कुरडया नाही केल्या, काका?"

"तुझी काकू होती तोवर व्हायच्या," काका म्हणाले. "गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे. चीक ढवळायचं काम माझं. सोऱ्यासुद्धा मीच दाबायचो. तिचे हात दुखायचे." रिकाम्या अंगणाकडे बघत ते म्हणाले, "दोन वर्षं झाली आता."

श्यामलाने हळूच विचारलं, की गव्हाचा चीक गाळून घेतल्यावर उरलेला चोथा काकू कुठे टाकायच्या?

"टाकायची कुठली? डब्यात भरून माझ्या सायकलला लावायची. गवळ्याच्या म्हशींना."

श्यामलाला एकदम आपल्या घरच्या बादल्या आठवल्या. पाच दिवसांपूर्वी दोन बादल्या चोथा तिनेच मोरीत ओतला होता, आईने सांगितलं म्हणून. चिकाचं पातेलं खरवडून धुतलेलं पाणीही तिथेच. इंदिराच्या घरीही तेच झालं होतं, चिंतामणच्या घरीही. शिजलेला चीक पाइपात जाऊन खळीसारखा घट्ट बसला होता.

"पण मोठी माणसं म्हणतील, ही राखच आहे," चिंतामण म्हणाला. "दिसतोही करडाच गाळ."

इंदिरा सातवीचं विज्ञान अजून विसरली नव्हती. पिठूळ पदार्थावर आयोडीन पडलं की तो निळाकाळा होतो. चिंतामणच्या घरी खरचटल्यावर लावायची टिंक्चर आयोडीनची बाटली होती. चिंतामणच रोज खरचटून घ्यायचा, त्यामुळे ती अर्धी संपली होती.

पाच वाजता अंगण भरलं. ठमाबाई फाटकाशी उभी होती. विमलाबाई बोलायला लागणार तोच श्यामलाने मध्ये तीन बशा ठेवल्या. एकीत चुलीतली राख, दुसरीत काकांच्या मोरीतला गाळ, तिसरीत घरच्या मोरीतला. तिने प्रत्येकीत आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले. पहिल्या दोन बशांत नुसता तपकिरी डाग पडला. तिसरी बशी शाईसारखी निळीकाळी झाली.

"हा काय पोरखेळ?" विमलाबाई म्हणाल्या.

श्यामलाने तिसरी बशी उचलून आईसमोर धरली. "आई, आयोडीनने राख निळी होत नाही, पीठ होतं. हा गव्हाचा चीक आहे. दोन बादल्या चोथा मोरीत मी ओतला. ठमाबाईंनी नाही."

मग इंदिराच्या आईने आपणही ओतल्याचं कबूल केलं, आणि एकेक करून सगळ्याच जणी मान खाली घालून बोलत्या झाल्या. फाटकाशी ठमाबाईने पदर खोचला.

"आमच्या गावाला चोथा म्हशीला जातो," ती म्हणाली. "हितं म्हैस नाय, म्हणून मोरीला घातला व्हय?"

आधी बाळाजीकाका हसले, मग सगळेच. विमलाबाईंना हसायला जरा वेळ लागला. त्या उठून फाटकाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की चूक माझी झाली. मग श्यामलाकडे वळून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरली नाहीस माझ्यासमोर बोलायला. हे चांगलं केलंस." काकांनी तिघांनाही शाबासकी दिली. कडकडीत पाणी, धुण्याचा सोडा आणि लांब तार घेऊन मोऱ्या मोकळ्या कशा करायच्या, ते आपण शिकवू, असंही ते म्हणाले. चोथ्याचा डबा यापुढे गवळ्याकडे जाणार होता.

"ठमाबाई, उद्या नेहमीसारखी ये," विमलाबाई म्हणाल्या.

"उद्या नाय, बाई. परवा येते," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "उद्या तुमच्या मोऱ्या तुमीच उपसा."