एकोणिसावं पोर्ट

दुपारचे दोन वाजले होते. मी नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांचा फोन आला.

"ताई, पेशंटच्या नाडीचे आकडे पडद्यावर अडकताहेत. लवकर बघा."

हॉस्पिटलचं नेटवर्क माझ्याकडे. डबा तसाच झाकून मी तळघरात उतरले. तिथल्या खोलीला खिडकी नाही. यंत्रांची गार हवा, पंख्यांची घरघर, आणि त्या दिवशी कसलासा जळका वास. सगळ्या वॉर्डांच्या वायरी जिथे येऊन जोडतात, त्या स्विचच्या पेटीवर एकोणिसाव्या पोर्टाचा, म्हणजे वायर खोचायच्या खाचेचा, दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. तिथून एवढा डेटा लोटत होता, की बाकीच्यांना वाटच मिळेना.

ते पोर्ट जुन्या वॉर्डाचं. आग लागल्यापासून त्या वॉर्डाचं दार विटांनी बुजवलेलं आहे.

प्रत्येक पोर्टावर एकेकच यंत्र मी स्वतः नोंदवलं होतं. अनोळखी यंत्र जोडलं, की पोर्ट आपोआप बंद. हेही सकाळपासून चार वेळा बंद पडलं होतं, आणि चारही वेळा आपणहून चालू झालं होतं.

मी साहेबांना फोन लावला.

"एकोणीस ना?" ते म्हणाले. "राहू दे. त्याला... अडवू नये."

"कुणाला, साहेब?"

"तुझ्या आधीच्याने अडवलं होतं. तो पुन्हा कधी त्या खोलीत उतरला नाही."

"वर बारा पेशंट आहेत. मी अडवणार."

"अगं, ऐक..."

मी फोन ठेवला.

संगणकावरून पोर्ट बंद केलं. दिवा विझला... पुन्हा लागला. परत बंद केलं. परत लागला. माझं डोकं सणकलं.

"कोण असशील तो अस," मी मोठ्याने म्हणाले, "इथे माझ्या परवानगीशिवाय कुणी आत येत नाही!"

आणि वायरच उपटली.

दिवा विझला, तो विझलाच. सिस्टरांचा फोन आला, "आले आकडे! बाराही खाटांचे."

मी हुश्श करतेय, तोच हातातली वायर सरकली. जुन्या वॉर्डाकडून ती ज्या भोकातून येत होती, त्या भिंतीतल्या भोकाकडे... हळूहळू... वीतभर. पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

मी वायरीचे दोन वेढे मुठीला घेतले, भिंतीला पाय रोवला आणि सगळा जीव लावून ओढली. वायर ताणली, करकरली, मग एकदम सैल पडली. मी तिला भिंतीलगत कापून टाकलं.

त्या खोलीत अजूनही मीच उतरते. पोर्ट बंदच आहे. फक्त दर सोमवारी त्या भोकातून वीतभर नवी वायर बाहेर आलेली असते.

दर सोमवारी मी ती कापते.